डोशाचा शोध आणि आपले बंगळूर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, नाट्य, इतिहास अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही डोसा हा विषय घेतला, त्यात थट्टेचा भाग थोडा आणि विचाराचा अधिक आहे. परप्रांतात आलेल्या माणसाची त्या भूमीशी पहिली ओळख जिभेने होते. भाषा, रीतिरिवाज आणि शेजारधर्म मागाहून येतात.

महाराष्ट्रात आपल्याला डोसा भेटला तो उडुपी हॉटेलांतून. मोठा, पातळ, कुरकुरीत, आणि सोबत सांबाराची वाटी. बंगळूरचा जुना डोसा निराळ्या घराण्याचा. तो आकाराने लहान, अंगाने जाड, वरून तांबूस-खरपूस आणि आतून मऊ. गांधी बझारातील विद्यार्थी भवन १९४३ साली सुरू झाले. तेथे वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून गर्दीतून लीलया वाट काढतो, हे दृश्यही खाण्याइतकेच तृप्त करणारे आहे. मल्लेश्वरमात 'सी.टी.आर.' या जुन्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहात 'बेण्णे' म्हणजे लोण्याचा डोसा मिळतो. शंकरपुरममधील ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये डोसाही नाही आणि सांबारही नाही. इडली, वडा, खाराभात, केसरीभात, चटणी आणि कॉफी एवढ्यावर त्याची कीर्ती उभी आहे.

लालबागेजवळच्या मावळ्ळी टिफिन रूम्सचा, म्हणजे एम.टी.आर.चा, प्रारंभ १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मीळ झाला, तेव्हा तेथे रव्याची इडली करून पाहण्यात आली आणि टंचाईतून एक कायमचा पदार्थ जन्मला. पुढे आणीबाणीत हॉटेलांच्या दरांवर निर्बंध आले. उपाहारगृह काही काळ बंद ठेवण्याची पाळी आली, आणि तयार पिठांच्या व मसाल्यांच्या पुड्यांचा व्यवसाय वाढला. १९८३ नंतर शहरभर 'दर्शिनी' पसरल्या. उभ्याने खावे, झटपट खावे आणि थोडक्या पैशांत खावे, ही त्यांची रीत. कारकून आणि कारखानदार तेथे एकाच उंच टेबलाशी उभे राहतात.

चांगला डोसा कसा ओळखावा, असे नवागत विचारतात. पाटीपेक्षा तव्याकडे पाहावे. पाणी शिंपडून, खराट्याने पुसून, मगच पीठ पसरले जात आहे काय? पदार्थांची यादी आटोपशीर आहे काय? सकाळी सात वाजता परिसरातील वृद्ध मंडळी वर्तमानपत्र घेऊन तेथे बसली आहेत काय? या तीन प्रश्नांना होकार मिळाला, तर निःशंक आत जावे.

या शोधात एक मौजही हाती लागते. कन्नडात वांग्याला 'बदनेकायी' म्हणतात. पण म्हैसूरच्या प्रसिद्ध पदार्थाचे नाव मात्र 'वांगीभात'! आपला चिरोटा येथे 'चिरोटी' होऊन लग्नाच्या पंगतीत मिरवतो. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांचे वास्तव्य या शहरात होते. मल्लेश्वरमला ज्याच्यामुळे नाव मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे मंदिर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याशी जोडले जाते. तेव्हा येथे आपण अगदीच उपरे नाही. मात्र तेवढ्यावरून यजमानपणाचा आव आणण्याचेही कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मंडळ स्थापन झाले त्या काळी गोडा मसाला, भाजणी, मेतकूट गावाहून येणाऱ्याच्या ट्रंकेतून येत असे. आज सारे घरपोच मिळते. ही सोय मोठीच. पण तिच्यामुळे उंबरठ्याबाहेर पडण्याची गरजही उरलेली नाही. मराठी घर, मराठी मंडळ, मराठी पंगत, आणि मध्ये वाहनाच्या काचेतून दिसणारे शहर, असे आपले होऊ लागले आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमेचा प्रश्न धुमसत आहे. तो पेटतो तेव्हा येथील मराठी माणूस रस्त्यात दबक्या आवाजात बोलतो. अशा दिवसांत ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याला भय अधिक वाटते. ओळख ही संकटाच्या दिवशी करावयाची गोष्ट नव्हे.

ती ओळख उपाहारगृहात होते. गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस आपल्याच टेबलाशी येऊन बसतो. 'चट्णी स्वल्प जास्ती हाकि' हे वाक्य पाहा. 'चटणी थोडी जास्त घाला' एवढाच त्याचा अर्थ. 'हाकि' एवढे एकच क्रियापद शिकले, की उरलेले वाक्य आपलेच! समोरचा माणूस हसतो, चूक दुरुस्त करतो, आणि 'बाय-टू' कॉफी मागवतो. एका कॉफीचे दोन पेले करण्याची ही पद्धत काटकसरीची खरी, पण स्नेहाचीही आहे.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू हे आपले कार्यक्रम चालू राहोतच. त्यांच्या जोडीला महिन्यातील एका रविवारी, नव्याने आलेली कुटुंबे, एकटे राहणारे तरुण आणि मुलांकडे राहावयास आलेले आईवडील यांना घेऊन मंडळाने एखाद्या जुन्या उपाहारगृहात न्याहारीस जावे. सोबत कन्नड शेजाऱ्यांनाही बोलवावे. कोठे जावे हे त्यांनाच विचारावे, कारण आपल्या गल्लीतला डोसाच सर्वोत्तम, यावर प्रत्येक बंगळूरकर वाद घालण्यास सिद्ध असतो. वादाची सुरुवात डोशावरून झाली, तर बाकीचे वाद पुष्कळ सौम्य होतात.