डाळिंबावरील तेल्या रोग : औषधाआधी कात्री धुवा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



पीएच. डी. पुरी झाल्यावर मी पिकांच्या जिवाणूजन्य रोगांवर पुढील संशोधन करीत आहे. मागच्या पावसाळ्यात एक बागाईतदार तडकलेली चार डाळिंबं पिशवीत घालून प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "ताई, एखादं जालीम औषध सांगा. पैशाचं मी बघतो." त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

रोगट झाडातून तेल्या समूळ काढून टाकील असे औषध आज कोणाजवळच नाही. मात्र हा रोग कोणत्या वाटेने बागेत येतो हे ठाऊक झाले आहे, आणि ती वाट अडविणे तुमच्या हाती आहे.

रोग कशाने होतो?

तेल्या बुरशीने होत नाही, तो जिवाणूने होतो. झँथोमोनास गटातला हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद 1952 साली दिल्लीकडे झाली. पुढे 2000 नंतरच्या वर्षांत त्याने महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बागाच्या बागा बसविल्या. सोलापूरला 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे या रोगावर बरेच काम झाले आहे.

"जिवाणूच कशावरून?" असे कोणी विचारील. प्रयोगशाळेत आम्ही ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट बाहेर पडतो. ते सारे जिवाणू. ते वेगळे वाढवायचे, निरोगी रोपावर सोडायचे, तोच रोग आला की त्यातून तेच जिवाणू पुन्हा काढायचे. एवढे जुळले म्हणजे चोर सापडला.

ओळखायचा कसा?

पानावर आधी पाणी शोषल्यासारखे बारीक ठिपके येतात. पान उजेडाकडे धरले तर ठिपका तेलकट दिसतो. पुढे तो काळपट होतो आणि भोवती पिवळे वलय येते. फांदीवर डाग पडून साल तडकते, आणि डाग सभोवार फिरला की फांदी तेथूनच मोडते. फळावर काळे डाग पडून ते इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' अक्षरासारखे उलते. असे फळ बाजारात कोण घेणार?

येतो कुठून?

पहिली वाट रोपाची. रोगट बागेतली गुटी स्वस्त मिळाली म्हणून आणली, की रोग आपणच गाडीत घालून आणतो. दुसरी वाट पावसाची. वाऱ्याबरोबरच्या पावसात थेंब उडतात आणि जिवाणू पानाच्या छिद्रांतून वा जखमेतून आत शिरतो. तिसरी वाट कात्रीची. रोगट फांदी कापून तीच कात्री शेजारच्या चांगल्या झाडाला लावली, की काम झाले! गळलेल्या पाला-फांद्यांतही हा जिवाणू कित्येक महिने तग धरतो.

काय करावे?

1. गुटी फक्त रोगमुक्त बागेतून घ्यावी. पावसाळ्यात स्वतः जाऊन मातृवृक्ष पाहून यावे.

2. छाटणी निरोगी झाडांपासून सुरू करावी, रोगट झाडे शेवटी घ्यावीत. प्रत्येक झाडानंतर कात्री 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. डागाच्या खाली दोन इंच सोडून फांदी कापावी.

3. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.

4. छाटलेल्या फांद्या, पाला, तडकलेली फळे बांधावर टाकू नयेत. बागेबाहेर नेऊन जाळावीत.

5. फळे उतरविल्यावर झाडांना तीन-चार महिने विश्रांती द्यावी. या काळात 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारावे : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र ओतावे. त्यात पोलादी पाते बुडवून पाहावे. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

6. पाने ओली असताना बागेत काम करू नये.

बहार कोणता धरावा?

मृग बहाराची फळे ऐन पावसात वाढतात, म्हणून त्यांवर तेल्या अधिक. हस्त बहाराची फळे कोरड्या हवेत पोसतात, म्हणून रोगट भागात तो बरा. पण अडचणही सांगते. भारी जमिनीत पावसाळा संपताच झाडाला ताण बसत नाही, आणि फळ उतरेपर्यंत उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी पुरावे लागते. विहिरीचे पाणी पाहूनच ठरवा. मृग धरलाच, तर वरच्या गोष्टींत कसूर नको.

एक इशारा

दुकानदार म्हणतो म्हणून प्रतिजैविकांच्या फवारण्या वाढवू नका. स्ट्रेप्टोमायसीन हे माणसांच्या क्षयरोगावरचे औषध आहे. वारंवार वापराने जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. मग पैसाही जातो आणि औषधही हातचे जाते. कोणतेही औषध घेताना लेबलावर डाळिंबाचे नाव आहे ना, ते वाचा, आणि कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या.

आणखी एक. तेल्या शिवेवर थांबत नाही. शेजाऱ्याने रोगट फांद्या ओढ्यात टाकल्या तर तुमची मेहनत वाया जाते. म्हणून गावातल्या सर्व डाळिंबवाल्यांनी मिळून एकाच आठवड्यात बागा स्वच्छ कराव्यात.

ते बागाईतदार निघताना म्हणाले, "म्हणजे औषध नाहीच म्हणा की." मी म्हटले, "दादा, आहे की. पण ते दुकानात मिळत नाही, ते तुमच्या हाताशीच आहे."

नमस्कार.