बिस्किटाचा पुडा आणि पार्ल्याचे स्टेशन
(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आम्ही रेल्वेतले असू की टपालातले, रात्रपाळीचा आधार म्हणजे चहा आणि ग्लुकोजच्या बिस्किटाचा पुडा. त्या पुड्यावरचे नाव मुंबईच्या एका रेल्वे स्टेशनाचे आहे, हे परप्रांतातल्या आमच्या अनेक सहकाऱ्यांना ठाऊक नसते.

मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ले येथे गोळ्यांचा कारखाना काढला. स्वदेशीचा काळ होता, पण यंत्रे आणली जर्मनीहून. कामाला माणसे अवघी बारा. दहाएक वर्षांनी तिथे बिस्किटे निघू लागली आणि साहेबाच्या टेबलावरची चीज आमच्या बशीत आली. १९८२ साली ‘पार्ले ग्लुको’चे ‘पार्ले-जी’ झाले. मधल्या काळात चौहान घराण्यात वाटण्या होऊन शीतपेये एका शाखेकडे आणि बिस्किटे दुसरीकडे गेली. ती मालकांची भाऊबंदकी, तिच्यात आम्ही शिरत नाही.

लोकल पार्ल्याजवळ आली की भाजणीचा गोड वास डब्यात शिरायचा. डुलक्या घेणारा प्रवासीसुद्धा त्या वासाने जागा होई. २०१६ साली कारखाना बंद झाला आणि तो वास गेला. शेवटी उरलेल्या सुमारे तीनशे कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा किती असते, हे असा अर्ज भरलेल्याला विचारावे!

बिस्किट मात्र बंद झाले नाही. २०१९ साली वर्तमानपत्रांत आकडे आले: कंपनीचे स्वतःचे कारखाने १०, कंत्राटावर माल काढून देणारे १२५, कायम आणि कंत्राटी मिळून माणसे लाखभर. त्याच बातमीत, मागणी अशीच घटली तर आठ ते दहा हजार जणांना काढावे लागेल, असा कंपनीचा इशारा होता. कारण सांगितले १८ टक्के जीएसटीचे. सप्टेंबर २०२५ मध्ये तो कर ५ टक्क्यांवर आला. कर वाढला तेव्हा कामगारांची आठवण झाली, मग कमी झाल्यावर का होऊ नये?

पार्ल्याला एक गेट होते, तिथे सभा घेता येई. १२५ गेटांवर कोण उभे राहणार? रेल्वेतली सफाई आणि खानपान कंत्राटात गेले, तेव्हा हाच प्रश्न आमच्या दारात आला होता. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत माल कुठे निघाला ते छापलेले असते. पुढच्या सभेला येताना आपापल्या गावाजवळचा पत्ता लिहून आणा.