शेवग्याचा पाला आणि डॉक्टरांची गोळी



गेल्या वर्षी जव्हारकडच्या एका पाड्यावर मी शेवग्याच्या पाल्याचे गुण सांगितले. ते ऐकून एका काकांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आणि रोज पाल्याचा रस सुरू केला. तीन महिन्यांनी तपासणी केली, तर आकडा 190 वरून 260 वर गेलेला. काकांनी मला बोल लावला नाही, पण चूक माझीच होती. मी अर्धेच सांगितले होते.

चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांना या पाल्याचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल कमी झाले, हे खरे. पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. स्टॅटिनची गोळी मात्र यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणेच कमी करते. तिने हृदयविकाराचा धोका घटतो, हे हजारो रुग्णांमध्ये दिसून आले आहे.

म्हणून आता मी सांगते, पाला ही देवाची देणगी आहे. त्याची भाजी करा, डाळीत घाला. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

काकांनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि आम्हा कार्यकर्त्यांनी पूर्ण सत्य सांगावे म्हणूनही.