जंगलाचा पैसा कुणाच्या पदरात?



आज बोलायचंय जंगल राखण्यासाठी परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल. विषय लांबचा वाटेल, पण हा पैसा फिरून फिरून येतो तो सरपणाच्या मोळीपाशीच. म्हणून नीट ऐका.

आधी हा पैसा येतो कशाचा? झाड वाढताना हवेतला कार्बन वायू ओढून घेतं आणि लाकडात साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. झाड जाळलं की तो परत हवेत जातो. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराने आधीच हवा तापते आहे. म्हणून काही श्रीमंत देश म्हणतात, तुम्ही जंगल उभं ठेवा, आम्ही त्याचे पैसे देतो. यात नॉर्वे पुढे आहे. ब्राझीलमधल्या अॅमेझॉनच्या जंगलासाठी २००८ साली निधी उभा राहिला, त्यातही सगळ्यात मोठा वाटा नॉर्वेचाच. आता नॉर्वेकडे एवढा पैसा आला कुठून? बराचसा समुद्रातून काढलेल्या तेलातून आणि गॅसमधून! असो.

देशाच्या तिजोरीत पैसा येणं वेगळं आणि गावात पोचणं वेगळं. गावात आला तरी कोणत्या घरात गेला, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नेपाळचं उदाहरण सांगते.

नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्याने गावकऱ्यांच्या समूहांना जवळचं जंगल राखायला आणि वापरायला दिलं. आज असे बावीस हजारांवर समूह आहेत आणि त्यांचा देशभराचा महासंघही आहे. समूहाच्या कार्यकारी समितीत निम्म्या बायका हव्यात आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक जण बाई हवी, असा तिथला नियम आहे.

२००९ साली गोरखा, दोलखा आणि चितवन या जिल्ह्यांतल्या तीन खोऱ्यांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. पैसा नॉर्वेचा. काठमांडूची इसिमोड ही संस्था आणि समूहांचा महासंघ यांनी मिळून तो चालवला. १०५ समूह त्यात होते. जंगलात किती कार्बन साठला हे गावच्याच लोकांनी मोजायचं होतं. मोजायची रीत सोपी आहे. जंगलात ठरावीक जागा आखून घ्यायच्या, तिथल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर टेप लावायची, आकडा वहीत लिहायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तेच झाड. टेप वाचता आली आणि आकडा लिहिता आला, की हे काम जमतं.

आता मुख्य गोष्ट, वाटपाची. समजा शंभर रुपये आले. तर त्यातले फक्त चाळीस कार्बनवर: २४ उभ्या साठ्यासाठी आणि १६ नव्या वाढीसाठी. उरलेले साठ समूहात कोण माणसं आहेत ते बघून. गरीब घरांसाठी २०, दलित घरांसाठी १५, बायकांच्या संख्येसाठी १५ आणि आदिवासी घरांसाठी १०. म्हणजे ज्या समूहात अशी घरं जास्त, त्याच्या वाट्याला पैसा जास्त.

असं का केलं असेल? जंगल राखायचं ठरलं की पहिली बंदी येते तोडीवर आणि चराईवर. ज्याच्या बांधावर झाडं आहेत, घरात गॅस आहे, त्याचं काही अडत नाही. भूमिहीन घरातली बाई मात्र मोळीसाठी दोन टेकड्या पलीकडे जाते, नाहीतर राखणदाराची नजर चुकवून आत शिरते आणि पकडली गेली तर दंड भरते. झाडं वाढली ती तिच्या पायपिटीवर. मग नुसता कार्बन मोजून पैसा वाटला, तर तिच्या हाती काय लागणार?

अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या अशा समित्यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. ज्या समित्यांत बायका जास्त होत्या, तिथे जंगलाची प्रकृती जास्त सुधारलेली त्यांना दिसली. पण एकट्यादुकट्या बाईला खुर्चीवर बसवून भागत नाही. चौघींत एक, तिघींत एक एवढ्या तरी बायका असल्या, तरच तोंड उघडतं.

पैसा किती आला, तेही सांगते, म्हणजे कुणी भुलणार नाही. २०११ साली १०५ समूहांना मिळून सुमारे ९५ हजार डॉलर. सरासरी काढली तर समूहाला नऊशे डॉलर, त्या वेळच्या भावाने आपले चाळीस हजार रुपये. यात सुधारित चुली, गोबरगॅस, गरीब घरांना थोडा हातभार, एवढं होतं. घरं चालत नाहीत. जंगलाची खरी कमाई चारा, सरपण आणि पाणी हीच आहे. हा पैसा वरकड. २०१३ मध्ये प्रयोग संपला. पुढे २०२१ साली जागतिक बँकेने नेपाळच्या तराई भागातल्या १३ जिल्ह्यांसाठी साडेचार कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. पण त्यातही आधी मोजणी आणि मग पैसा. कष्ट आज, दाम उद्या.

आपल्याकडेही वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला आणि त्यांनी आपला बांबू स्वतः विकला. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश बायका असायला हव्यात, असा नियम आहे. तेव्हा उद्या कुणी कार्बनचा करार घेऊन तुमच्या गावात आलं, तर मागच्या रांगेतूनही विचारा: किती वर्षांसाठी बांधून घेताय? मोह, तेंदू, सरपण आणायला बंदी आहे का? मोजणी कोण करणार? पैसे कुणाच्या खात्यात आणि कधी? आग लागून जंगल गेलं, तर भरपाई कुणाकडून मागणार? कागद मराठीत मागा. आणि पाहुण्यांना सहीची फारच घाई असेल, तर त्यांना चहा पाजा आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख सांगा.