स्त्रियांचा एक न बोलला जाणारा विकार

पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीहून 1930 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले आणि उंबरठ्याआड राहिलेल्या अनेक प्रश्नांना छापील पानावर जागा मिळाली. आज त्याच परिसरातील मुली पदवीधर होतात, द्राक्षबागांचे हिशेब ठेवतात. परंतु ‘खाज सुटते, अंगावरून दह्यासारखे जाते’ एवढे सांगण्यास त्यांची जीभ अजूनही रेटत नाही.

श्रोतेहो, हा विकार म्हणजे योनिमार्गातील बुरशीचा संसर्ग होय. वैद्यकशास्त्राच्या अंदाजाप्रमाणे चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना तो आयुष्यात एकदा तरी होतो. सर्दीपडशाइतक्या सामान्य गोष्टीची एवढी लज्जा का बाळगावी, हे समजणे कठीण आहे!

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेकडा 92 स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या मात्र शेकडा 8 च. त्यांत बुरशीखेरीज इतर रोगही होते, हे खरे. तथापि मौनाची किंमत या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते.

या बुरशीचे नाव कँडिडा. कित्येक निरोगी स्त्रियांच्या शरीरात ती निमूटपणे वास करीत असते. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद शोभावेत असे उपकारक जंतू योनिमार्गात आम्लता राखून तिला आवर घालतात. हा तोल ढळला की ती माजते. घसा दुखतो म्हणून घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्या अपकारक जंतूंबरोबर या उपकारकर्त्यांचाही संहार करतात. गरोदरपणातील संप्रेरकांची वाढ बुरशीला मानवते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर तिचे फारच फावते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांनीही हा त्रास उद्भवतो. म्हणून ज्या स्त्रीला हा विकार वारंवार होतो, तिच्या रक्तातील साखर अवश्य तपासावी. कित्येकदा मधुमेहाची पहिली वर्दी येथूनच मिळते.

अस्वच्छता हेच याचे मूळ, असा एक समज आहे. तो अन्यायाचा आहे. उलट, साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुण्याचा अतिरेक करणाऱ्या स्त्रिया तो नैसर्गिक तोल स्वहस्ते बिघडवतात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. पाळीच्या कापडाची गोष्ट मात्र निराळी. ओडिशातील स्त्रियांविषयी 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ते कापड घरातच वाळविण्याचा आणि या बुरशीच्या संसर्गाचा संबंध आढळला. ऊन फुकट असते; पण दोरीवर ते कापड घालण्याची मोकळीक कोणत्या सुनेला आहे?

उपचार अवघड नाही. क्लोट्रिमाझोल हे औषध योनीत ठेवण्याच्या गोळीच्या वा मलमाच्या रूपात मिळते. परंतु प्रत्येक पांढरे जाणे म्हणजे बुरशी नव्हे. पाळीच्या मध्यंतरी पारदर्शक स्राव होणे स्वाभाविकच आहे. दुर्गंधी, हिरवट रंग वा ओटीपोटात दुखणे ही निराळ्या रोगांची चिन्हे. तेव्हा पहिल्याच खेपेस, गरोदरपणी, किंवा त्रास वर्षातून अनेकदा होत असल्यास, शेजारणीची चिठ्ठी दुकानदाराला न दाखवता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पतीला तक्रार नसल्यास त्याला औषध देण्याची बहुधा गरज नसते, आणि या विकारावरून त्याने पत्नीच्या शीलाविषयी शंका घेण्यास काडीचाही आधार नाही.