अपघातानंतरचा अपघात



बोरघाटात मालमोटार उलटली की पोलीस येतात, पंचनामा होतो, जखमींना रुग्णालयात हलविले जाते. त्यानंतर क्रेन, साखळ्या व तारेचा दोर घेऊन जे चार-पाच कामगार त्याच उतारावर कामाला लागतात, त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रस्ता मोकळा करणाऱ्या या माणसांच्या दृष्टीने अपघात अद्याप संपलेला नसतो.

मागून भरधाव येणाऱ्या वाहनांचा धोका सर्वांनाच दिसतो. दुसरा धोका सहजी दिसत नाही. आजच्या अनेक मालमोटारींत हवेचा दाब गेला की मागील चाकांचे ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आपोआप जखडतात. वाहन ओढून नेण्यासाठी ते सोडवावे लागतात व त्याकरिता मदतनीस वाहनाखाली शिरतो. ब्रेक सुटताच वाहनाला उतारावर थोपविणारे काहीच उरत नाही. चाकांना आधी भक्कम ठोकळे लावणे आणि ओढणाऱ्या गाडीशी वाहन जखडून घेणे, हे काही मिनिटांचे काम. परंतु मागे वाहनांची रांग वाढते, भोंगे वाजू लागतात आणि नेमकी तीच मिनिटे वगळली जातात. ही घाई बहुधा कामगाराची नसते, रांगेत खोळंबलेल्यांची असते.

दोराची गोष्टही अशीच. ताणलेला तारेचा दोर तुटला की चाबकासारखा उलटतो आणि वाटेत सापडलेल्याचा पाय मोडतो. नायलॉनचा दोर अधिक ताणला जातो, म्हणून तुटल्यावर तो तितक्याच आवेगाने परत येतो. पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढताना घरातला जुना नाडाही चालवून घेतला जातो आणि गावची हौशी मंडळी नेमकी त्या नाड्याशेजारी उभी असतात!

काम करताना मृत्यू वा अपंगत्व आल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व 1923 च्या कायद्याने मान्य केले. पुढे त्यात मोटार वाहनाशी संबंधित चालक, मदतनीस, मेकॅनिक व क्लीनर यांचा स्पष्ट उल्लेख आला. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. भरपाईची रक्कम वय व मासिक वेतन यांवरून ठरते. मध्यरात्री हाक मारून नेलेल्या रोजंदारीच्या मदतनिसाचे नाव मात्र अनेकदा कोणत्याच हजेरीपटावर नसते. मजुरी रोखीने न घेता बँकेत जमा करून घेतल्यास वेतनाचा निदान एक पुरावा राहतो. घाटालगतच्या गावांतील पंचांनी व शिक्षकांनी ही गोष्ट अशा तरुणांच्या घरी जाऊन सांगावी.