आधी भाडं, मग घर: ओट्टो हेस्लरची गोष्ट

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. घराचा हिशेब कुठून सुरू होतो? आधी जागेचा भाव, मग बांधकामाचा खर्च, मग बिल्डरचा नफा. आणि सगळ्यात शेवटी आपण, हातात कॅल्क्युलेटर घेऊन: ईएमआय झेपेल का?

१९३० च्या सुमारास जर्मनीतल्या एका लहान शहरात एका आर्किटेक्टने हा हिशेब उलटा मांडला. त्याचा पहिला प्रश्न होता, कामगाराला महिन्याला किती भाडं परवडतं? तो आकडा धरून तो मागे मागे येत गेला आणि त्यावरून त्याने खोल्यांची मापं ठरवली. या माणसाचं नाव ओट्टो हेस्लर. आजचा भाग त्याच्यावर. आधीच सांगतो, ही गोष्ट शेवटपर्यंत गोड नाहीये.

हेस्लरचा जन्म १८८० चा, म्युनिकमधला. मोठ्या युनिव्हर्सिटीची डिग्री वगैरे नाही. त्याचं शिक्षण बांधकाम शाळेत झालं, आपल्याकडच्या डिप्लोमासारखं समजा. १९०६ मध्ये तो त्सेले नावाच्या गावी आला. स्पेलिंग सी, ई, डबल एल, ई, पण उच्चार त्सेले. हॅनोव्हरपासून साधारण चाळीस किलोमीटर. आजही हे गाव ओळखलं जातं ते जुन्या लाकडी चौकटीच्या घरांसाठी. उतरती छपरं, तुळयांवर कोरीव काम, पोस्टकार्डावर छापावं असं सगळं. हेस्लरने इथेच ऑफिस टाकलं आणि पुढची जवळपास अठ्ठावीस वर्षं तो इथेच राहिला. सुरुवातीला त्याने इतरांसारखीच कामं केली, त्या काळच्या फॅशनप्रमाणे.

मग पहिलं महायुद्ध झालं आणि त्यानंतर १९२३ ची ती प्रसिद्ध महागाई आली. आता इथे एक आर्थिक गंमत आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. महागाईत पैशाची किंमत शून्य झाली, म्हणजे जुन्या घरमालकांची गृहकर्जंही शून्यवत झाली. घर तसंच उभं, कर्ज मात्र गायब. सरकारने १९२४ पासून या मालकांवर कर लावला आणि त्या पैशाचा एक भाग नवी घरं बांधायला स्वस्त कर्ज म्हणून दिला. त्या दशकात जर्मनीत ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच या करामुळे शक्य झाल्या. बर्लिन, फ्रँकफर्टची नावं आपण ऐकतो, पण त्सेलेसारख्या गावातही हेच चालू होतं.

हेस्लरची या काळातली पहिली गाजलेली वसाहत म्हणजे 'इटालियन गार्डन', १९२४-२५ मधली. सपाट छपरांची, ठोकळ्यांसारखी घरं, आणि रंग लाल आणि निळा! रंगयोजनेसाठी सोबत होता चित्रकार कार्ल फ्योल्कर. त्या कोरीव तुळयांच्या गावात हे बघून लोकांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

लगेच पुढची वसाहत, गेओर्गसगार्टन. हिच्यात त्याने एक गोष्ट केली जी पुढे सगळीकडे पसरली. तोपर्यंत इमारती रस्त्याला तोंड करून, मधे अंधारे चौक सोडून बांधायची पद्धत होती. हेस्लरने इमारती रस्त्यापासून सोडवल्या आणि उत्तर-दक्षिण अशा समांतर ओळींत उभ्या केल्या. याने काय होतं? प्रत्येक घराची एक बाजू पूर्वेला, एक पश्चिमेला. झोपायच्या खोलीत सकाळचं ऊन, बसायच्या खोलीत दुपारनंतरचं. कोपऱ्यातलं अंधारं घर कुणाच्याच वाट्याला नाही. शिवाय वसाहतीत सामाईक धुलाईघर, वाचनालय अशा सोयी.

आतला नकाशाही बघण्यासारखा आहे. बसायची खोली त्याने मोठी ठेवली आणि झोपायच्या खोल्या अगदी लहान, रेल्वेच्या कंपार्टमेंटसारख्या. कारण साधं होतं. तेव्हा कामगारांच्या घरात सगळे एकाच खोलीत झोपायचे, एका बिछान्यावर दोन-तीन मुलं. हेस्लरला आईवडिलांना आणि मुलांना वेगळ्या खोल्या हव्या होत्या. एकूण क्षेत्रफळ वाढवता येत नाही, मग हॉलवेमध्ये वाया जाणारी जागा काप आणि ती खोल्यांना दे.

१९२८ मध्ये त्याची शाळा पूर्ण झाली, आल्टश्टॅटर शूले. मोठ्या खिडक्या, आणि मधोमध काचेच्या छताखाली हॉल. ही शाळा आजही शाळाच आहे. आता हेस्लरचं नाव त्सेलेबाहेर गेलं होतं. मोठ्या मॉडर्न आर्किटेक्ट्सच्या 'डेअर रिंग' या गटात तो होता. कार्ल्सरूहेच्या डामरश्टोक वसाहतीच्या स्पर्धेत पहिला आला वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउसचा संस्थापक, आणि दुसरा आला त्सेलेचा हेस्लर. १९२९ मध्ये ती वसाहत उभी राहिली, दोघांच्या इमारतींसह. कासेल आणि राटेनाउ या गावांतही त्याला कामं मिळाली.

पण डामरश्टोकवर एक फार मार्मिक टीका झाली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. आडोल्फ बेने नावाचा समीक्षक होता, मॉडर्न आर्किटेक्चरचा समर्थकच. त्याने १९३० मध्ये लिहिलं त्याचा आशय असा: या घरांत माणसाने सूर्याच्या वेळापत्रकाने झोपायचं, ठरवलेल्या दिशेलाच तोंड करून राहायचं. सगळी घरं एकाच दिशेने, एकाच सूत्राने. आर्किटेक्टने 'राहणं' इतकं नेमकं ठरवून टाकलं, की राहणाऱ्याला ठरवायला काही उरलंच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचून जरा चपापलो. आपणही युजरच्या भल्याचं म्हणून एकच फ्लो बनवतो, सगळे पर्याय काढून टाकतो, आणि मग युजर वेगळं काही करायला गेला की आश्चर्य करतो. असो.

आता त्या उलट्या हिशेबाकडे येऊ. १९३०-३१, ब्लुमलेगर फेल्ड. जागतिक मंदी आलेली, अनुदान आटलेलं, बेकारी वाढलेली. हेस्लरला सगळ्यात गरीब भाडेकरूंसाठी घरं बांधायची होती. भाडं ठरलेलं, आता घर त्यात बसवायचं. सगळ्यात लहान घर चाळीस चौरस मीटरच्याही आतलं, म्हणजे आपल्या भाषेत चारशे-सव्वाचारशे स्क्वेअर फुटांपेक्षा कमी. पोलादी सांगाड्याच्या लांबच लांब ओळी. घरात न्हाणीघर नाही. त्याऐवजी वसाहतीत एक इमारत, तिच्यात अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय. आणि प्रत्येक कुटुंबाला बागेचा तुकडा, भाजी लावायला.

न्हाणीघर काढून टाकणं बरोबर होतं का? मला सोपं उत्तर सापडत नाही. ते ठेवलं असतं तर भाडं वाढलं असतं, आणि ज्यांच्यासाठी बांधलं तेच तिथे राहू शकले नसते. एवढं नक्की, की काय कापायचं हे त्याने उघडपणे ठरवलं. ऊन कापलं नाही, मुलांची वेगळी झोपायची जागा कापली नाही, बाग कापली नाही.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. सपाट छप्पर त्यांच्या लेखी 'अजर्मन' होतं. श्टुटगार्टच्या अशाच एका वसाहतीची टिंगल करणारं पोस्टकार्ड निघालं होतं, त्यात उंट आणि अरब चिकटवून तिला अरबी गाव म्हटलं होतं. अशा हवेत हेस्लरची कामं थांबली. १९३४ मध्ये तो त्सेले सोडून उत्तरेला ऑयटिन गावी गेला.

इथे गोष्ट संपली असती तर आपण म्हटलं असतं, बिचारा, काळाने अन्याय केला. पण पुढे युद्ध आलं, आणि हेस्लर व्याप्त पोलंडमधल्या वूच शहराच्या बांधकाम खात्यात काम करायला गेला. जर्मनांनी त्या शहराचं नाव बदलून लिट्झमानश्टाट केलं होतं. तिथल्या घेट्टोत एक लाख साठ हजारांहून जास्त ज्यू कोंडले होते. पोलिश कुटुंबांना घरांतून काढून जर्मन वस्ती करवली जात होती. त्यानंतर तो लेम्बर्गला होता, आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह. तेही तेव्हा जर्मनांच्या ताब्यात.

ज्या माणसाने मजुराच्या मुलाला स्वतःचा बिछाना मिळावा म्हणून जागा मोजली, तो अशा शहराच्या कचेरीत बसला जिथे 'रिकामी घरं' कशी रिकामी झाली हे कुणापासून लपलेलं नव्हतं. मला यावर पांघरूण घालायचं नाही. आणि त्यामुळे ब्लुमलेगर फेल्डमधलं ऊन खोटं ठरतं असंही म्हणायचं नाही. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत, आणि त्याची गोष्ट सांगायची तर दोन्ही सांगावं लागतं.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, तो राटेनाउला गेला, म्हणजे पुढे पूर्व जर्मनी झालेल्या भागात. गाव उद्ध्वस्त झालेलं, पुनर्बांधणीचं काम होतं. पण १९५० च्या आसपास तिथल्या सरकारनेही ठरवलं, की मॉडर्न शैली परकी आहे आणि इमारती 'राष्ट्रीय परंपरे'तल्या हव्यात. पुन्हा तेच! १९५७ मध्ये त्याने आपल्या कामावर पुस्तक काढलं आणि १९६२ मध्ये तो गेला.

आज त्सेलेमध्ये ब्लुमलेगर फेल्डला त्याच्या नावाचं छोटं म्युझियम आहे. जुनं घर आणि ते धुलाईघर तिथे बघता येतं. एका ओळीचं मूळ रूप मात्र नूतनीकरणात बरंच बदललं. गेओर्गसगार्टनमध्ये लोक अजून राहतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगकडे बघण्याआधी दोन प्रश्न विचारा. या खोलीत ऊन किती वाजता येतं? आणि परवडावं म्हणून इथे नेमकं काय कापलंय, ते कुणी ठरवलं? सेल्सवाला गोंधळेल, पण विचारा. आणि तिसरा प्रश्न, हेस्लरने वूचमध्ये जो विचारायला हवा होता: या जागेवर आधी कोण राहत होतं, आणि ते आता कुठे आहेत?

तुमच्या घरात ऊन कुठून येतं ते मला लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.